वायपर-वॉशर बंद पडतो तेव्हा: मोटर बदलण्याआधी काय तपासायचं

रत्नागिरी, मालवण, देवगड, गुहागर किंवा अलिबाग. किनाऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा वायपर बहुधा जूनच्या पहिल्या मोठ्या सरीतच दगा देतो. लगेच निदान होतं, ‘मोटर गेली.’ नवी मोटर बसते, आणि श्रावण यायच्या आत तीच तक्रार घेऊन गाडी परत दारात. कारण मोटर मुळात ठीकच होती. खाऱ्या हवेने गंजलेला एखादा जोड तिच्यापर्यंत पुरती वीज पोचू देत नव्हता. म्हणून खालचा क्रम सोडू नका. तो फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि मोटर उघडण्याची वेळ सर्वांत शेवटी येते.

आधी लक्षण नीट ओळखा

- वायपर कुठल्याच वेगावर हलत नाही आणि मोटरचा आवाजही नाही: फ्यूज, अर्थ (वीज बॅटरीकडे परत नेणारा बॉडीचा जोड), कपलर (तारा जोडणारा प्लास्टिकचा जोड) किंवा स्विच. मोटरवर संशय सर्वांत शेवटी.
- मोटर घुमते, पण पाती हलत नाहीत: हा विजेचा बिघाड नाही. पात्याच्या दांड्याचा नट सैल झालाय किंवा लिंकेजचा, म्हणजे मोटरची हालचाल पात्यांपर्यंत नेणाऱ्या पट्ट्यांचा, गोळा खोबणीतून निसटलाय.
- एकच पातं हलतं: त्या बाजूचा नट सैल झालाय किंवा स्पिंडलचे, म्हणजे दांडा ज्यावर बसतो त्या फिरत्या दांडीचे, दाते झिजलेत.
- फक्त मंद किंवा फक्त जलद वेग चालतो: त्या वेगाचा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारा तुकडा), त्याची तार किंवा स्विचमधला त्याचा संपर्क.
- दोन्ही वेग चालतात, पण थांबून थांबून पुसण्याचा वेग चालत नाही: रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) किंवा टायमर.
- बंद केल्यावर पाती काचेच्या मध्येच थांबतात, किंवा बंदच होत नाहीत: पार्कची बाजू, म्हणजे पाती खालच्या जागेवर आणून थांबवणारी यंत्रणा, किंवा रिले.
- सगळेच वेग मंद, आणि हेडलाइट व एसीचा पंखा लावला की आणखी मंद: अर्थ किंवा पुरवठ्यातला गंजलेला जोड. किनाऱ्यावर सर्वांत जास्त दिसणारं लक्षण हेच.
- फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो: लिंकेज जाम आहे किंवा तार बॉडीला लागतेय.
- वॉशरचा आवाज येतो, पाणी येत नाही: पंप ठीक आहे, नळी-नोझल बघा.
- वॉशरचा आवाजच नाही: पंप, त्याचा कपलर, फ्यूज किंवा स्विच.

कोणत्या वेळी बिघडतो, हेही टिपून ठेवा. खड्ड्यात बसल्यावर बंद पडत असेल तर सैल जोड शोधा. तासभर पाऊस लागल्यावर बंद पडत असेल तर पाणी कुठेतरी आत शिरतंय. सकाळी चालत नाही आणि ऊन पडल्यावर चालतो, असं असेल तर दमट कपलर.

हात घालण्याआधी

लिंकेजला हात लावण्यापूर्वी चावी काढा आणि वायपरचा फ्यूजही उपसून ठेवा. मोटरला गिअरमुळे मोठी ताकद मिळते, बोट लिंकेजमध्ये सापडलं तर मोडतं. नुसता स्विच बंद असणं पुरेसं नाही, कारण पाती अर्धवट थांबलेली असतील तर जोड जुळल्याबरोबर मोटर स्वतःहून जागेवर जायला फिरते.

हत्यारं थोडीच लागतात: मल्टिमीटर, होल्डरला दोन तारा लावलेला इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, १० नंबरचा पाना, पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे. त्यात बल्ब सर्वांत महत्त्वाचा. गंजलेल्या जोडातून मल्टिमीटरला १२ व्होल्ट आरामात दिसतात, कारण मीटर जवळजवळ करंट खेचतच नाही. हा बल्ब पावणेदोन अँपिअर खेचतो. जोड कुचकामी असेल तर तो मिणमिणतो किंवा पेटतच नाही. ‘मीटरवर करंट येतोय, म्हणजे मोटरच खराब’ हा निष्कर्ष इथूनच निघतो आणि बहुतेकदा चुकतो.

१. काहीही न उघडता

काच ओली करा. कोरड्या काचेवर चांगला वायपरही अडखळतो, त्यावरून काही ठरवू नका. इंजिन बंद ठेवून फक्त चावी चालू करा आणि वायपर लावा. मग इंजिन सुरू करून परत बघा. बॅटरी स्वस्थ असेल तर इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. दोन्ही वेळच्या वेगात किंचित फरक असणं ठीक. पण इंजिन बंद असताना पाती जेमतेम सरकत असतील तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं बघा.

आता स्टिअरिंगजवळची वॉशरची दांडी ओढा. बहुतेक गाड्यांत त्याबरोबर वायपरही दोन-तीन वेळा फिरतो, आणि यातून बरंच कळतं. पाती फिरली पण पंप गप्प राहिला, तर दांडीतला स्विच काम करतोय. बिघाड पंपाकडे जाणारी तार, तिथला कपलर किंवा पंप यांतच आहे. वॉशरला वेगळा फ्यूज असेल तर तोही बघा.

काचेखालची जाळी बघायला विसरू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये गळलेला आंब्याचा मोहोर, फणसाची पानं, सुरूच्या काड्या आणि वर बसलेली जांभ्याची लाल धूळ, या सगळ्याचा तिथे गिलावा होतो आणि पाणी जाण्याची भोकं बुजतात. पावसात पाणी साचतं ते नेमकं वायपरच्या मोटरशी. जाळीवर तांब्याभर पाणी ओता. ते चाकाच्या मागे झरझर खाली पडलं पाहिजे. पडत नसेल तर हाताने कचरा काढा आणि भोकात मऊ नळी फिरवा. सळई खुपसू नका, खाली वायरिंग असतं.

दांड्यांचे नट झाकणाखाली असतात, गाडीनुसार १२, १३ किंवा १४ नंबरचे. सैल असतील तर आधी मोटर जागेवर थांबलेली आहे याची खात्री करा, पात्याची जागा काचेवर चिकटपट्टीने खुणावून घ्या आणि मग आवळा. खूण न करता दांडा काढला तर पातं पुढे बोनेटवर किंवा काचेच्या कडेच्या खांबावर आपटत राहतं.

२. फ्यूज

फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघून वायपर आणि वॉशरचा फ्यूज शोधा. काही गाड्यांत तो डॅशबोर्डखाली असतो, काहींत बोनेटखाली. नुसतं डोळ्यांनी बघून भागत नाही. चावी चालू ठेवून फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन्ही धातूच्या टिकल्यांवर बल्बचं एक टोक लावा, दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. दोन्हीकडे बल्ब सारखाच पेटला तर फ्यूज चांगला. एकीकडेच पेटला तर उडालेला.

फ्यूज उपसून त्याचे पायही बघा. हिरवा गंज चढला असेल किंवा प्लास्टिक वितळल्याची खूण असेल तर तो जोड तापतोय. असा फ्यूज न उडताही वायपर मंद करतो.

नवा फ्यूज त्याच अँपिअरचा घाला. लाल १०, निळा १५, पिवळा २०, रंगहीन २५, हिरवा ३० अँपिअरचा असतो. पिवळ्याच्या जागी हिरवा घालणं किंवा तार गुंडाळणं कधीही करू नका, आडरानात घाटात अडकलात तरी नाही. तारा जळतात, आणि आग लागते ती डॅशबोर्डच्या मागे. बदललेला फ्यूज परत उडाला तर तिसरा घालू नका. आधी लिंकेज जाम आहे का ते बघायचं, ते पुढे सातव्या क्रमांकावर येईल.

३. अर्थ

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मोटरला लागणारा करंट जितका आत जातो तितकाच बाहेर पडायला हवा, आणि ती बाहेरची वाट बॉडीला आवळलेल्या एका बोल्टमधून जाते. मोटर रबराच्या बुशांवर बसवलेली असते, म्हणून पुष्कळ गाड्यांत तिला अर्थची वेगळी तार दिलेली असते. तो बोल्ट बोनेटखाली आतल्या मडगार्डवर किंवा इंजिनमागच्या पत्र्यावर असतो. रंग, पत्रा, तांबं आणि मिठाचा ओलावा एकत्र आले की महिन्याभरात तिथे पांढरट-हिरवा थर धरतो.

तपासणी अशी करा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं मोटरच्या अर्थच्या पिनेला किंवा अर्थ मोटरच्या बॉडीतून येत असेल तर बॉडीला. ओल्या काचेवर वायपर जलद वेगाने चालू करा. वाचन ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर दोषी सापडला. मोटर चालू असतानाच मोजा. बंद असताना हे वाचन नेहमी शून्यच येतं आणि त्याचा काही अर्थ नसतो.

मोटर अजिबात फिरत नसेल तर बल्बचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं मोटरच्या अर्थ पिनेला लावा. बल्ब तेजस्वी पेटला पाहिजे.

दुरुस्ती सोपी आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, बोल्ट खोला, रिंग आणि पत्रा १२० किंवा १५० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, नीट आवळा आणि *मग* वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस फासा. आधी ग्रीस आणि मग बोल्ट हा क्रम चुकीचा. रिंगमध्ये शिरणारी तार दाबून बघा. कव्हरखाली ती कडक, कुरकुरीत लागली तर तांबं आतून सडलंय. कव्हर सोलत मागे जा, चकचकीत तांबं लागेल तिथे कापा आणि नवी रिंग लावा. पाणी तारेच्या बारीक तंतूंमधून कव्हरच्या आत वर चढत जातं, म्हणून बाहेरून चांगली दिसणारी तारही आतून काळी निघते.

४. मोटरचा कपलर

चावी बंद, फ्यूज बाहेर. लॉक दाबून कपलर ओढा, तारा धरून ओढू नका. आत पाणी, हिरवा गंज, मागे सरकलेली पिन किंवा काळवंडलेलं प्लास्टिक दिसतंय का? कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने साफ करा, वाळू द्या. पिनांना ब्लेडने खरवडू नका. त्यांच्यावर कथलाचा थर असतो, तो निघाला की खालचं तांबं किनाऱ्याच्या हवेत झपाट्याने गंजतं. सैल झालेली मादी पिन बारीक टोचणीने किंचित दाबून घट्ट करता येते. प्लास्टिक वितळलं असेल तर कपलरच बदला.

परत लावताना रबराच्या सीलवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. सर्व्हिस स्प्रे पाणी हटवायला चांगला आहे, पण तो मारून काम झालं असं समजू नका, दोन पावसांत ओलावा परत येतो.

बोनेट उघडलंच आहे तर तारांची जुडीही नजरेखालून घाला. पावसात उंदरांना इंजिनची ऊब आणि कोरडी जागा आवडते. भाताचं खळं किंवा गुरांचा गोठा जवळ असेल तर कुरतडलेली तार आधी शोधा.

५. रिले

फ्यूजबॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो का बघा, बरेचदा हॉर्नचा असतो. अदलाबदल करून वायपर लावा. चालला तर प्रश्न सुटला. रिलेवर छापलेला नंबर आणि पायांची मांडणी तंतोतंत जुळली तरच बदला. वायपर बंदच होत नसेल तर रिले उपसून बघा. उपसल्यावर थांबला तर त्याचे आतले संपर्क चिकटलेत. नव्या गाड्यांत वेगळा रिले नसतो, ते काम बॉडीचा कंट्रोल युनिट करतो. तिथे ही तपासणी लागू नाही.

६. वॉशरचा पंप

आवाज येतो पण पाणी नाही, अशा वेळी टाकी, नोझल आणि नळी. नोझलमध्ये बारीक टाचणी, नळी बोनेटच्या बिजागरीत चेपलीय का ते बघणं, आणि पंपाच्या रबराखालची छोटी जाळी. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी महिनोन्‌महिने टाकीत राहिलं की शेवाळ धरतं आणि ती जाळी भरते. पंप उपसून जाळी धुवा, टाकी खळखळून काढा.

आवाज नसेल तर पंपाचा कपलर काढा. तो टाकीच्या तळाशी, पुढच्या चाकाच्या आतल्या आवरणामागे किंवा बंपरमागे असतो, आणि हायवेचा सगळा लाल चिखल तिथेच उडतो. बल्बची दोन टोकं कपलरच्या दोन पिनांना लावा आणि कुणालातरी दांडी ओढायला सांगा. बल्ब लख्ख पेटला तर पंप गेला. पेटला नाही तर फ्यूज, तार किंवा स्विच. पुढची-मागची काच एकाच पंपाने धुणाऱ्या गाड्यांत वीज उलटसुलट होते, पण बल्ब दोन्ही वेळा पेटतोच, म्हणून मीटरपेक्षा इथे तो सोयीचा.

बल्ब पेटतोय आणि पंप गप्प आहे? स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पंपावर हलकेच टिचक्या मारा. ऑक्टोबर ते मे टाकी कोरडी राहिली की आतला पंखा चिकटून बसतो. टिचकीने सुटला तरी पंप बदलण्याची तयारी ठेवा. पंपाला वंगण आणि गारवा टाकीतल्या पाण्याचाच, त्यामुळे टाकी कोरडी असताना दांडी ओढत राहिलं तर तो जळतो. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त ओढू नये. पाण्यात गाडी धुण्याचा सौम्य शॅम्पू चालतो. कपड्यांची पावडर नको, तिचे क्षार नोझलमध्ये बसतात.

७. लिंकेज

मंद वायपर आणि उडणारा फ्यूज यांचं इथलं दुसरं मोठं कारण म्हणजे स्पिंडल. लोखंडी दांडी ॲल्युमिनियमच्या नळीत फिरते, मधे खारट पाणी शिरतं आणि दोन्ही एकमेकांना धरतात. फ्यूज काढा, दांडे उतरवा, जाळी काढा, मोटरच्या क्रँकवरून लिंकेजचा गोळा सोडवा आणि स्पिंडल हाताने फिरवा. ती बोटांनी सहज फिरायला हवी. जड असेल तर भेदक तेल सोडून मागे-पुढे फिरवत मोकळी करा, मग ग्रीस. तेलाने मोकळी झालेली स्पिंडल पुढच्या पावसापर्यंत टिकेलच असं नाही. गंजून खड्डे पडले असतील तर लिंकेज बदलणंच शहाणपणाचं. जाम लिंकेजवर नवी मोटर बसवली तर तीही जळेल.

८. मोटर आणि पार्क

वरचं सगळं झाल्यावरच मोटर. लिंकेज सुटलेलं असतानाच तपासा. गाडीच्या वायरिंगचा नकाशा हाताशी हवा, तारांच्या रंगावर विसंबू नका, ते कंपनीनुसार बदलतात. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथे बल्बचं दुसरं टोक पॉझिटिव्हला लावावं लागतं. कपलर काढून मोटरच्या अर्थ पिनेला निगेटिव्ह द्या. मधे १५ अँपिअरचा फ्यूज घातलेल्या तारेने मंद आणि मग जलद वेगाच्या पिनेला पॉझिटिव्ह द्या. दोन्हीवर जोमाने फिरली तर मोटर चांगली, परत मागे जाऊन तारा शोधा. एकावर मेली तर त्या वेगाचा कार्बन झिजलाय.

पाती मध्येच थांबत असतील तर यंत्रणा समजून घ्या. मोटरच्या गिअरवर धातूची चकती असते. स्विच बंद केल्यावरही तिच्यातून मंद वेगाच्या कार्बनला वीज मिळत राहते. पाती खाली आली की चकतीवरची खाच येते, वीज तुटते आणि तीच तार अर्थला जोडली जाऊन मोटरला ब्रेक लागतो. वीज मिळणारा भाग बिघडला तर पाती जिथल्या तिथे थांबतात. अर्थचा भाग बिघडला तर जागा ओलांडून पुढे जातात किंवा फिरतच राहतात. चावी चालू आणि वायपर बंद असताना पार्कच्या पुरवठ्याच्या पिनेवर बल्ब पेटतोय का बघा. पेटत असेल तर दोष चकतीत किंवा स्विचमध्ये. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत पार्कची तार मंद वेगाच्या तारेला जोडण्याचं काम ‘बंद’ स्थितीतला स्विचच करतो.

इथे थांबा आणि वायरमनला बोलवा

दांडीतला स्विच बदलायला स्टिअरिंग उतरवावं लागत असेल आणि त्यात एअरबॅग असेल तर स्वतः हात घालू नका. पिवळ्या कपलरच्या तारांना बल्ब किंवा मीटर लावणंही नको. पाऊस ओळखून आपोआप चालणारा वायपर आणि कंट्रोल युनिटवरून चालणारी मोटर यांच्या सिग्नलच्या तारांवर बल्ब लावला तर युनिट जळू शकतं, तिथे स्कॅनरच हवा. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी तारांपासून लांब राहा. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पुरात बुडाल्या तशी गाडी पाण्यात गेली असेल तर चावीही लावू नका. बॅटरी सोडवण्याएवढं पाणी ओसरलं असेल तर निगेटिव्ह तार काढा आणि गाडी टोइंगने न्या. जळका वास, धूर किंवा तापलेली तार जाणवली तरीही तेच.

वॉरंटीतल्या गाडीची तार कापू नका. घाटात, आंबोलीच्या धुक्यात किंवा परशुरामच्या वळणांवर वायपर मेला तर सुरक्षित जागी बाजूला थांबून इशाऱ्याचे दिवे लावा आणि सर ओसरेपर्यंत थांबा. त्याच अँपिअरचा फ्यूज मागच्या काचेच्या हीटरचा उसना घेता येतो, ब्रेक किंवा एबीएसचा नाही. टेम्पो-पिकअपवाल्यांनी लक्षात ठेवावं, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १०१ प्रमाणे चालू वायपर बंधनकारक आहे, पासिंगच्या दिवशी हा बिघाड गाडी अडवतो.

वायरमनकडे जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: लक्षण, अर्थच्या बाजूचं व्होल्टचं वाचन आणि थेट वीज दिल्यावर मोटर फिरली की नाही. तरीही मोटर बदलायला सांगितलं, तर पैसे देण्याआधी तुमच्यासमोर जुनी मोटर थेट बॅटरीवर लावून दाखवायला सांगा. आणि ती बदललीच तर अर्थचा बोल्ट त्याच दिवशी घासून घ्या.